नखाची जागा

नाही, टणटण नव्हता तो आवाज. टणटण पत्र्याचा असतो. तुझ्या वाद्याचा आवाज म्हणजे — थांब, आठवून सांगतो, मला पटकन शब्द सापडत नाहीत, तुला ठाऊकच आहे — आधी वर, मग खाली, मग जरासा वर, आणि मग आणखी वर. चार तारा, चार टिपा. टेलिफोन ऑफिसातून आलीस की चपला दारात, पर्स खुंटीला, आणि हातसुद्धा न धुता पलंगावर बसून त्या चार तारा एकेक करून छेडायचीस, जुळल्यात का ते बघायला. मी मधल्या खोलीत खाटेवर पडलेला. दिसायचं काही नाही, मधे पडदा. दुसरी तार नेहमी उतरलेलीच असायची, तू खुंटी पिळायचीस, ती कुरकुरायची, मग परत छेडायचीस. चाळीस वर्षं झाली ताई, पण एखादे दिवशी संध्याकाळी मी नुसता बसलेला असतो आणि त्या चार टिपा येतात. कुठून येतात ते विचारू नकोस. येतात.

तू घाल ना घड्या. कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐक. मी काही मोठं सांगायला आलेलो नाही. पिशवीत काय आहे ते तुला दिसलंच असेल, दांडी बाहेर आलीय. हो, युकुलेलेच आहे. जुनं आहे. तुझं नव्हे — तुझं आता कुठून येणार — पण त्याच जातीचं, तेवढंच, त्याच रंगाचं. दाजी गेले त्या आठवड्यात तू या इथेच बसून मला म्हणालीस, मुक्या, माझ्या नवऱ्याला मी बाकी सगळं माफ केलं, तेवढं वाद्याचं नाही केलं. तुला आठवत नसेल, मला आठवतं. त्यानंतर अकरा महिने मी दर रविवारी डेपोमागच्या गल्लीत जातोय, जिथे जुनं सामान विकतात. म्हटलं एक चांगलं मिळालं, परवडेल असं, तर आणून द्यायचं. एकदा वाजव म्हणायचं. वाजवलंस की ते तेवढंही मिटेल, तुझ्या मनातलं. बाकी माझं काही म्हणणं नाही.

पण त्या गल्लीत जायचं म्हणजे शिसारी येते, खरं सांगतो. घाणीची नाही — मी आयुष्यभर फर्निचरला पॉलिश केलं, लाख, स्पिरिट, सरस, सगळे वास नाकात मुरलेत माझ्या, मला घाणीचं काय. लोक वस्तूंचं जे करतात ना, त्याची येते. एका दुकानात व्हायोलिन होतं, त्याच्या पोटात घड्याळ बसवलेलं. पोटात, ताई. मधोमध भोक पाडून, वर काटे लावून, आणि चालत होतं, टिकटिक करत. एका गिटारीत माती भरून रोपटं लावलं होतं, पाणी घातलं की तळाच्या जोडातून गळत होतं, काळं पाणी, आणि लोक थांबून वा वा म्हणत होते, फोटो काढत होते. एक बाई नवऱ्याला म्हणाली, आपल्या बाथरूममध्ये छान दिसेल. मी तिथून निघून कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो.

नवीनही पाहिली मी, नाही असं नाही. मोठं दुकान, काचेचं, आत गेलं की गार वारा अंगावर येतो. पोपटी, गुलाबी, प्लास्टिकची, एकावर तर अननस काढलेला. विकणारी मुलगी म्हणाली, आजोबा, नातीला हवंय का? म्हटलं, बहिणीला, शहात्तरची आहे. तर म्हणते, मग हे न्या, याला वायर लावली की सूर आपोआप जुळतो. आपोआप. मग माणसानं काय करायचं, समोर बसून बघायचं? मी हातात घेतलं ते. गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखं. खाली ठेवलं आणि पँटला हात पुसला. तिच्या लक्षात आलं, बिचारीच्या. तिचा काय दोष.

हे मिळालं ते शेवटच्या दुकानात. तो दुकानवाला म्हणजे पोट सुटलेला, कानावर पेन, आणि लिहायचं काहीच नाही. ढिगात मोडक्या मिक्सरच्या खाली दांडी दिसली मला. ओढून काढली. तो म्हणतो, छोटी गिटार आहे काका, अँटिक. छोटी गिटार म्हणे. मी विचारलं, अँटिक म्हणजे काय रे बाबा? म्हणाला, म्हणजे मोडलं तरी किंमत उतरत नाही. म्हटलं, मग मीही अँटिकच. हसला नाही. माणसांत रस नव्हता त्याला. मग म्हणतो, यात दिवा बसवून देऊ का, भोक तर आयतंच आहे.

तू हसलीस. हसलीस की. तोंड तिकडे केलंस तरी कळतं मला.

मी हलवून बघितलं तर आत खुळखुळ. उलटं करून झटकलं, तर काय काय पडावं — जळक्या काड्या, झुरळांची कवचं, आणि राख. कोणीतरी त्याचा ॲशट्रे केला होता. त्या भोकातून राख झटकत बसलं असेल कोणी निवांत, पाय पसरून. आणि घोडीखाली, तारा जिथे अडकवतात त्या पट्टीखाली, चघळलेला च्युइंगम दाबून बसवलेला. घरी नेऊन मी तो टाचणीनं खरवडून काढला, दोन संध्याकाळी लागल्या, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, कोणाच्या तोंडातलं हे, आणि त्याला जागा हीच सापडावी. वरची तार जाड लावलेली. इतर वाद्यांना असते वरची जाड, पण याला नसते, याची वरची तार बारीकच असते, म्हणून तर ती टीप आधी वर उडते आणि मग खाली येते. हे मला तूच सांगितलं होतंस. एवढंसुद्धा त्या लोकांना ठाऊक नाही आणि विकायला बसतात.

पण ताई, ते सगळं बाजूला ठेव आणि हे वाद्य बघ. उचल. बरं, नको उचलूस, मी धरतो. वजन असं नाहीच याला. मी तिथे भर गल्लीत पाठीवर बोटाच्या पेरानं ठोकलं, हळूच, आपण दार ठोकतो तसं, आणि आतून जो हुंकार आला — मी जागीच बसलो, मिक्सरच्या ढिगावर. इतके हाल करून ठेवलेलं लाकूड, आणि आवाज द्यायचा विसरलं नव्हतं. मागची फळी एकाच तुकड्याची, जोड नाही. समोरची अंगठ्यानं दाबली की जरा आत जाते, एवढी पातळ. दांडीवरचे पडदे पितळेचे, पहिले तीन झिजलेत, पुढचे कोरे. म्हणजे ज्याचं होतं त्याला गाणी तीन-चारच येत असणार. तुझ्यासारखंच. आणि भोकातून आत डोकावलंस तर कडेला सरसाचे ओघळ दिसतील, सुकलेले. कारागिराचे पुसायचे राहून गेलेत. मला ते ओघळ फार आवडले. घाई असेल त्याला. घरी जायची वेळ झाली असेल.

एका बऱ्या चपलेच्या जोडाला पडतं तेवढ्याला दिलं त्यानं. त्याला वाटलं त्यानं मला गंडवलं, मला वाटलं मी त्याला, दोघंही खूश. आणि मग म्हणतो कसा, असं मळकट कुठे नेता काका, मागे स्प्रे मशीन आहे, दहा मिनिटांत चकाचक करून देतो, तोंड दिसेल त्यात. आणि माझ्या हातातून घ्यायला लागला. ताई, मी ओरडलो. मी. आयुष्यात कधी नाही ओरडलो असा. हात लावू नकोस, एवढंच, पण गल्ली थांबली. तो बिचारा दोन पावलं मागे सरला. पिशवीत घालायला दोनदा चुकलो. बाहेर येऊन डेपोच्या भिंतीला टेकलो. तोंडात ती चव आली होती, लॅकरची, स्प्रेनं मारतात त्या चकचकीत रोगणाची, कधी खाल्लं नसतानाही जिभेला कळते ती. अजून येते मला, जेवतानासुद्धा.

म्हणून मी याला काहीही केलेलं नाही. पॉलिश नाही, तेलाचा थेंब नाही. कोरडं फडकं आणि तोंडाची वाफ. तारा तेवढ्या बदलल्या, नायलॉनच्या, वरची बारीक. आणि हे बघ, इथे, भोकाच्या खाली, लाकूड फिकं पडलंय ना. बोट फिरव. जरासा खळगा लागेल. ही नखाची जागा आहे. वाजवणाऱ्याचं नख वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी घासतं आणि लाकूड तिथे झिजतं. दुकानवाला म्हणे डाग आहे, म्हणून स्वस्त. डाग म्हणे. तुझ्यालाही होती की. इथेच, पण जरा तिरकी, तुझं नख वाढलेलं असायचं ऑफिसात मिरवायला. आणि ती काही वरवरची नसते, दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते, तुझी घालवायला मला काचपेपरचे चार तुकडे लागले, आणि तरीसुद्धा उन्हात धरलं की —

पाणी आहे का तांब्यात? राहू दे. राहू दे, उठू नकोस. तहान नाही.

काय म्हणालो मी? काही नाही म्हणालो. म्हणजे कोणालाही लागतील असं म्हणत होतो, चार तुकडे. त्या बाहेरच्या पॉलिशवाल्याला लागले असतील. दाजींनी तुझं वाद्य ज्याला दिलं होतं त्याला. मला धंद्याचा अंदाज आहे, म्हणून म्हटलं. तू घड्या घालायची थांबलीस. अशी बघू नकोस ताई. तू अशी बघतेस तेव्हा मी पुन्हा सात वर्षांचा होतो, आणि आता या वयात ते जमत नाही मला.

नव्हता कोणी बाहेरचा पॉलिशवाला.

मी हे सांगायला आलो नव्हतो. हे टेबलावर ठेवायचं, एकदा वाजव म्हणायचं, चहा प्यायचा आणि जायचं, एवढंच ठरवलं होतं. पण आता बाहेर पडलंच आहे तोंडातून. तू दवाखान्यात होतीस ना, ऑपरेशन झालं तेव्हा, बारा दिवस. मी तुमच्याकडेच राहत होतो, तुमच्या खाटेवर झोपत होतो, तुमच्या ताटात जेवत होतो. वर्कशॉपला लागून मला तीन महिने झाले होते. नवीन स्प्रे मशीन आलं होतं तिथे, आणि मालकानं पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. टेबलाच्या फळीत तोंड दिसायचं, ताई, आरशासारखं. मला वाटायचं जगात याहून सुंदर काही नाही. मला वाटलं, ताई घरी येईल, बघेल, तिला बरं वाटेल. तुला द्यायला माझ्याकडे दुसरं होतं काय? मी तुझं वाद्य पिशवीत घालून नेलं. मालक जेवायला गेला की काढायचो आणि घासायचो. वरचं जुनं पॉलिश सगळं घासून काढलं, लाकूड उघडं केलं. ती नखाची जागा मला कळलीच नाही गं. मला वाटलं मळ आहे. मी ती चार कागद बदलून घासली आणि मनात म्हटलं, बघ कशी स्वच्छ झाली. बारा वर्षांचं तुझं नख, आणि मी पुसलं, आणि वर शीळ घालत होतो.

मग लॅकर. तीन हात, जाड, टेबलाला मारतात तसे. आणि जुन्या तारा आतड्याच्या होत्या, विरलेल्या, तर म्हटलं पोलादी घालू, टिकतील. कोण सांगणार होतं, त्या पोलादी तारा ओढतात म्हणून. दोन दिवसांत घोडीमागे पोट फुगलं त्याचं. मी छेडून बघितलं. डबा, रॉकेलचा रिकामा डबा वाजावा तसं. मी स्वतःला सांगितलं, लॅकर अजून ओलं असेल, सुकलं की येईल आवाज. असं सांगितलं आणि कपाटावर ठेवून दिलं. चकाकत होतं. किळस येते मला त्या चकाकण्याची. त्यानंतर तीस वर्षं मी तेच काम केलं, लोकांची टेबलं, लोकांची दारं, आणि एकही दिवस असा गेला नाही की फळीत माझं तोंड दिसलं आणि मी दुसरीकडे बघितलं नाही.

तू आलीस. दाजींचा हात धरून, एकेक पायरी. कपाटाकडे बघितलंस, हातात घेतलंस, एकदाच छेडलंस. आणि विचारलंस, हे कोणी केलं? आवाजसुद्धा चढवला नाहीस. मी तोंड उघडलं होतं, ताई. खरंच उघडलं होतं, हवं तर — नाही, शपथ कशाला घालू, कोण विश्वास ठेवणार. दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, मी करून घेतलं, बाहेरून. मुक्या नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. आणि मी तोंड मिटलं. एवढंच केलं मी. तू माझ्याकडे वळलीस, म्हणालीस, तुला कळतं रे, यांना नाही कळत, आणि माझ्या केसांतून हात फिरवलास. तो हात अजून आहे इथे. केस गेले सगळे, तो हात गेला नाही.

संध्याकाळी नळावर मी त्यांना म्हटलं, दाजी, सांगून टाकतो मी. ते पाय धूत होते. म्हणाले, अरे, मी नवरा आहे, माझ्यावर रागावून ती कुठे जाणार, इथेच राहील. तुझ्यावर रागावली तर तिला माहेर म्हणून काय उरतं? तुम्ही दोघंच तर आहात एकमेकांना. जा, तिला औषध दे, आठ वाजलेत. मला वाटलं, चार दिवस जाऊ देऊ, मग सांगू. मग महिना गेला. मग तुझं ते बोलणं सुरू झालं, पाहुण्यांसमोर, यांच्या हातात काही देऊ नका हं, वार्निश लावून आणतील. सगळे हसायचे. दाजीही हसायचे. आणि मी शेजारी बसून जेवायचो, ताई. तू मला जास्त वाढायचीस आणि मी जेवायचो. तू त्यांच्याशी ज्या खोलीत बोलणं टाकलं होतंस त्या खोलीत माझ्यासाठी उशी घालायचीस. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याच्या दारात पाऊल टाकलं नसतं. माझ्या घरी तर मलाच रोज जावं लागतं.

शेवटी-शेवटी ते अंथरुणावर होते आणि तू औषधाला गेली होतीस, तेव्हा मी म्हटलं, आज सांगतो. ते म्हणाले, राहू दे रे आता. इतक्या वर्षांत मला असं वाटायला लागलंय की ते मीच केलं. आणि हसले, तोंडात दात नव्हते. मला हसता आलं नाही, पण मला बरं वाटलं, ताई. सुटलो असं वाटलं. तो माणूस मरत होता आणि मला सुटल्यासारखं वाटलं. बघ कसा आहे तुझा भाऊ, ज्याला कळतं तो.

तू काहीतरी बोल. शिवी दे, मुस्काटात मार, मी हलणार नाही. हे वाद्य नको तुला, बरोबर आहे, नको वाजवूस, मी परत नेतो — की ठेवू? ते बिचारं कोणाच्या अध्यात ना मध्यात, त्याला कशाला. मी इथे खुर्चीवर ठेवतो. तुला पुढे वाटलं तर —

कुठे निघालीस? आत जातेस का? जा, पड जरा. मी बसतो इथे. नाही, ते बाहेरचं दार आहे, ताई. अगं, कुठे या उन्हात? मी जातो ना. घर तुझं आहे, उठून जायचं तर मी जायचं. तू बस, खरंच बस, मी उठतोय, हे बघ, उठलोच — गुडघा जरा, टेबलाला धरतो — थांब ना — चष्मा राहिला तुझा. पायऱ्या आहेत पुढे तीन. ताई.